विक्रीस काढलेले घर आणि जुना ओटा

घर बांधताना माणूस दहा जणांचा सल्ला घेतो. घर विकताना मात्र बहुधा एकाचाच घेतो, आणि तो एक म्हणजे दलाल. वास्तविक विक्रीचा व्यवहार बांधणीइतकाच गहन आहे. बांधताना राहिलेली उणीव पुढे वीस वर्षांत थोडीथोडी भरून काढता येते. विकताना राहिलेली उणीव खरेदीखतावर सही होताच कायमची होते. म्हणून या महिन्यात आम्ही या सदरासाठी एक प्रश्न निवडला आहे. तो दिसावयास लहान, परंतु पुष्कळ कुटुंबांत मतभेद माजविणारा आहे. घर विकावयाचे ठरले आहे. घरातील स्वयंपाकघर तीस-पस्तीस वर्षांचे जुने आहे. काळ्या कडप्प्याचा ओटा, त्याखाली उघडे कप्पे, भिंतीत फडताळ आणि कोपऱ्यात मोरी अशी त्याची रचना आहे. विक्रीपूर्वी हे सारे काढून, हल्ली ज्याला मॉड्युलर म्हणतात तसे नवे स्वयंपाकघर बसवावे, की आहे तसेच घर दाखवावे?

दलालाचे उत्तर ठरलेले असते. "स्वयंपाकघर नवे करा, घर हातोहात जाईल." यात तो खोटे बोलतो असे नव्हे. घर लवकर जावे यातच त्याचे हित असते. आणि नव्या ओट्याचा खर्च त्याच्या खिशातून होत नाही, एवढे मात्र सल्ला ऐकताना ध्यानात ठेवावे.

प्रथम हे नवे स्वयंपाकघर मुळात कोणासाठी निघाले ते पाहू. मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी १९२६ साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. ते सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब होते. स्वयंपाक करणाऱ्या बाईची पावले वाचावीत, प्रत्येक जिन्नस हाताशी यावा, पाठीस व पायांस शीण कमी व्हावा, हा त्यातील हेतू. तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे तेथे बसविली गेली. आजच्या मॉड्युलर रचनेचे मूळ बहुतेक जाणकार तेथेच दाखवितात. आपल्याकडे चुलीपुढे पाटावर बसून होणारा स्वयंपाक ओट्यापुढे उभा राहिला तो पुष्कळ अंशी गॅस आल्यामुळे. कलकत्त्यात 'इंडेन' गॅसची पहिली जोडणी १९६५ साली दिली गेली, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत शहरांतील मध्यमवर्गीय घरांत चुलीची व स्टोव्हची जागा शेगडीने घेतली. याही बदलाचे सार करणारीचे कष्ट कमी होणे हेच होते. तात्पर्य, नवे स्वयंपाकघर ही राबणाऱ्या व्यक्तीच्या सोयीसाठी निघालेली वस्तू होय. ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी करावयाची झाली की तिचा हिशेब निराळा मांडावा लागतो.

तो हिशेब मांडण्यास आमच्या मते मीमांसकांनी कर्माचे केलेले जुने वर्गीकरण फार उपयोगी पडते. कर्म तीन प्रकारचे: नित्य, नैमित्तिक आणि काम्य. नित्य कर्म केल्याने विशेष फळ मिळत नाही, परंतु न केल्यास दोष लागतो. नैमित्तिक कर्म एखादे निमित्त उत्पन्न झाले म्हणजे करावयाचे. काम्य कर्म मात्र फळाची इच्छा असेल त्यानेच करावे. आणि त्यासंबंधी शास्त्राचा एक कडक नियम आहे. नित्य कर्म यथाशक्ती केले तरी चालते, पण काम्य कर्म सर्व अंगांसह पुरे झाले तरच फळ देते. घर विकण्यापूर्वी स्वयंपाकघरावर होणारा खर्च या तीन कप्प्यांत घालून पाहावा.

नित्य खर्च म्हणजे ज्याने किंमत वाढत नाही, पण जो न केल्यास किंमत हटकून उतरते. सिंकखालची गळती, मोरीच्या भिंतीस आलेली ओल, फडताळाच्या चौकटीस लागलेली वाळवी ही याची उदाहरणे. जुन्या इमारतींत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ असतात. ते आतून गंजत जातात आणि पाण्याची धार वर्षानुवर्षे बारीक होत जाते. घरच्यांना त्या बारीक धारेची सवय झालेली असते. पाहावयास आलेला मनुष्य मात्र पहिल्या दोन मिनिटांत नळ सोडून पाहतो. तीच गोष्ट विजेची. पूर्वी स्वयंपाकघरात एक दिवा आणि फार तर एक बटण असे. आज मिक्सर, ओव्हन, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आणि शीतकपाट यांना जोडण्या लागतात. जुनी तार त्या भारास पुरेशी नसेल, भूमिसंयोग अर्थात् अर्थिंग नसेल, तर ते काम करून घ्यावे. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलावयाची असते. ती जुनी, तडकलेली दिसली तर येणाऱ्याच्या मनात सबंध घराविषयी शंका उत्पन्न होते. ही कामे नव्या ओट्याच्या मानाने थोडक्या पैशांत होतात. जो ग्राहक गळती पाहतो तो प्लंबरच्या मजुरीइतकी किंमत कमी करीत नाही. आणखी काय काय दडले असेल या भीतीची किंमत तो कमी करतो. न केलेल्या नित्य कर्माचा दोष तो हाच.

नैमित्तिक खर्च म्हणजे विक्रीच्या निमित्ताने करावयाचा. फोडणीच्या वाफांनी पिवळ्या झालेल्या भिंतींस पांढरा हात देणे, एक्झॉस्ट पंख्याची पाती पुसणे, कुरकुरणाऱ्या दारांच्या बिजागऱ्या बदलणे, आणि मुख्य म्हणजे माळे व कप्पे रिकामे करणे. पिढीजात घरातील स्वयंपाकघर लहान वाटते ते बहुधा त्यातील डबे, पातेली आणि कोणी न उचललेला पाटा-वरवंटा यांच्यामुळे. ती गर्दी हलविली की त्याच खोलीत दोन बायका सुखाने वावरू शकतील असे दिसू लागते. कडप्प्याविषयी एक सूचना: हा दगड चुनखडीच्या जातीचा आहे. लिंबू, चिंच, ताक सांडले की त्यावर फिकट डाग पडतात ते यामुळेच. म्हणून तो स्वच्छ करताना ॲसिड लावू नये; त्याने डाग जाण्याऐवजी सबंध पृष्ठभाग खडबडीत व पांढुरका होतो. कारागिराकडून घासून, पॉलिश करून घेतला तर तोच ओटा पुन्हा काळाभोर होतो. प्लायवूडची कपाटे पाण्याने फुगतात. कडप्प्याचे कप्पे फुगत नाहीत, त्यांस वाळवीही लागत नाही. जुन्या वस्तूचे हे गुण येणाऱ्यास सांगण्यात कमीपणा मानू नये.

आता राहिला काम्य खर्च, म्हणजे जास्त किंमत यावी या इच्छेने सबंध स्वयंपाकघर नवे करणे. येथे फळ देणारा कोण, हे पाहिले पाहिजे. ग्राहक साधारणपणे तीन प्रकारचे असतात. पहिला जागेचा ग्राहक. जुना बंगला घेऊन पाडणारा, किंवा पुनर्विकासास निघालेल्या इमारतीतील घर घेणारा. त्याला चटईक्षेत्र हवे असते. स्वयंपाकघर चांदीचे असले तरी ते पाडलेच जावयाचे. दुसरा, स्वतः राहावयास येणारा व हौशी. हा आपला सुतार बरोबर घेऊन येतो. शेगडीपुढे उभे राहिले असता तोंड पूर्वेस असावे, भिंत काढून बैठक जोडावी, असे त्याचे स्वतःचे बेत असतात. तुमच्या आवडीचा सनमायका त्याला नको असतो. तिसरा ग्राहक मात्र निराळा. हा कर्ज काढून घर घेणारा तरुण गृहस्थ. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ७५ लाखांहून मोठ्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळू शकते. उरलेली रक्कम, मुद्रांकशुल्क व नोंदणी यांतच त्याची पुंजी संपते. नवा ओटा करावयास त्याच्याजवळ रोकड उरत नाही, आणि लहान मूल घेऊन त्याला दुसऱ्याच आठवड्यात राहावयास यावयाचे असते. तयार स्वयंपाकघराची खरी किंमत यालाच आहे. म्हणजे आपल्या घराला तिन्हींपैकी कोणता ग्राहक येण्याचा संभव आहे, हे ठरविल्याशिवाय काम्य खर्चाचा विचारच करू नये.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा, नव्या स्वयंपाकघरास ४ लाख रुपये पडले. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीस, दोन वर्षांहून अधिक काळ मालकीत असलेल्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घराच्या बाबतीत भारतात निवासी असलेल्या व्यक्तीस व अविभक्त कुटुंबास महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांचा हिशेबही करून पाहता येतो, व जो कर कमी तो भरता येतो. वास्तूत कायम केलेली सुधारणा नफ्यातून वजा होऊ शकते. मात्र पावत्या हव्यात, आणि उचलून नेता येण्याजोग्या वस्तू त्यात धरता येत नाहीत. ४ लाख सगळे वजा झाले तरी १२.५ टक्क्यांनी करात सुटतात ५०,००० रुपये. किंमत मुळीच वाढली नाही तर साडेतीन लाख गेले; खर्च पुरता भरून निघावयाचा तर किंमत पुरत्या ४ लाखांनी वाढली पाहिजे. आणि नफा दुसऱ्या घरात गुंतवून तुम्ही कर पूर्ण वाचविणारच असाल, तर ते ५०,०००ही सुटत नाहीत. सरकारी वार्षिक दरतक्त्यात घराचे मूल्य ठरते ते जागा, बांधकामाचा प्रकार व वय यांवरून. ओटा कोणता आहे हे तेथे कोणी विचारीत नाही.

याउपर ज्यास काम्य खर्च करावयाचाच आहे त्याने शास्त्राचा नियम आठवावा: सर्व अंगांसह करावा, नाही तर करू नये. गंजलेले नळ तसेच ठेवून त्यांवर चकचकीत दारे बसविणे, जुन्या तारेवर नवी चिमणी चालविणे, ही अंगहीन कामे होत. त्यांत पैसा जातो आणि जाणत्या ग्राहकाच्या मनात उलट संशय येतो.

येथे व्यवहाराहून महत्त्वाचा असा नीतीचा व कायद्याचाही प्रश्न उत्पन्न होतो. ओल आलेल्या भिंतीपुढे नवे कपाट उभे केले की ओल दिसत नाही. कित्येक कारागीर ही युक्ती आपण होऊन सुचवितात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमात विक्रेत्यावर स्पष्ट कर्तव्य घातले आहे: मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे, ग्राहकास ठाऊक नाही, आणि साधारण काळजी घेऊनही ग्राहकास सापडणार नाही, तो विक्रेत्याने उघड केला पाहिजे. इंग्रजी अमदानीत ही कल्पना येथे नव्याने आली असे कोणी समजू नये. नारदस्मृतीत व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत विक्रीसंबंधी स्वतंत्र पदे आहेत, आणि निर्दोष वस्तू दाखवून सदोष वस्तू गळ्यात बांधणाऱ्यास मूल्याच्या दुपटीची भरपाई व शिवाय दंड सांगितला आहे. जुना ओटा ही फसवणूक नव्हे. तो जसा आहे तसा दिसतो. नवे कपाट मात्र फसवणूक होऊ शकते.

एकत्र कुटुंबात आणखी एक गाठ असते: खर्च कोणी करावयाचा? घर वडिलांचे स्वार्जित असून ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगे व मुली यांना, आणि हयात असल्यास आईला, सारखा वाटा आहे. घर वडिलार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीने कन्येला जन्मतः पुत्राइतकाच हक्क दिला आहे, आणि त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तेव्हा थोरल्या भावाने उत्साहाने ४ लाख घालावयाचे आणि विक्रीनंतर "तुम्हांला कोणी सांगितले होते?" असे ऐकावयाचे, हा प्रसंग टाळावा. खर्च किती, कोणाकडून, आणि आलेल्या रकमेतून तो प्रथम वजा करावयाचा की नाही, हे बहिणींसह सर्वांनी एका कागदावर लिहून सह्या कराव्यात. सख्ख्या भावंडांत कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांच्या घरीच पुढे वकिलाचे कागद येतात.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. पुण्यात कोथरूड भागात १९८६ साली बांधलेल्या इमारतीत त्यांचे चार खोल्यांचे घर. दोघे भाऊ, थोरले पुण्यात, धाकटे बंगळूरास, बहीण सांगलीस. घर विकून थोरल्यांनी मुलाजवळ लहान घर घ्यावे असे ठरले. धाकट्यांनी दलालाच्या सांगण्यावरून नव्या स्वयंपाकघराचे दरपत्रक आणविले आणि ते बैठकीत वाचून दाखविले. बहिणीलाही ते पटले. थोरल्या वहिनी, सत्तरीच्या, आतून चहा घेऊन आल्या होत्या. त्या कधी अशा बोलण्यात पडत नसत. त्या दिवशी ट्रे खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, हा ओटा चार बोटे उंच करून द्या असे मी वीस वर्षे सांगत होते. सासूबाईंच्या उंचीचा ओटा हा. मी वाकून वाकून स्वयंपाक केला. दर वेळी ऐकले ते हेच, की पुढच्या वर्षी पाहू. आता माझी पाठ धरली, आणि ओटा उंच होणार तो कोणासाठी? ज्यांचे नावही आपल्याला ठाऊक नाही त्यांच्यासाठी?"

बैठकीत कोणी काही बोलले नाही. धाकट्यांनी दरपत्रकाची घडी घातली. पुढे त्या मंडळींनी नळ बदलले, विजेचे काम केले, भिंती रंगविल्या, कडप्पा पॉलिश करून घेतला, आणि मोरीच्या मागच्या भिंतीस पावसाळ्यात ओल येते हे येणाऱ्या प्रत्येकास आपण होऊन सांगितले. घर जावयास साडेचार महिने लागले. एक ग्राहक तर जुने स्वयंपाकघर पाहूनच परत गेला. ज्यांनी घेतले त्यांनी ओलीचे कारण सांगून थोडी किंमत कमी करून घेतली, आणि ताबा मिळताच ओट्यामागची भिंतच पाडली. त्यांना बैठकीस जोडलेले मोकळे स्वयंपाकघर हवे होते. नव्या ओट्यावर चार लाख घातले असते तर ते त्या राडारोड्यातच गेले असते. त्यांतील काही रक्कम थोरल्यांच्या नव्या घरी खर्च झाली. तेथे सुताराने मापे घेण्यापूर्वी वहिनींना उभे केले, कोपर वाकवून हात कोठे येतो ते पाहिले, आणि त्यावरून ओट्याची उंची धरली.

या हकीकतीवरून सर्वांनी असेच करावे असा नियम आम्ही काढीत नाही. कर्ज काढून येणारा तरुण ग्राहक ज्या भागात पुष्कळ, इमारत ज्यांची फार जुनी नाही, आणि घर रिकामे ठेवण्याचा भुर्दंड ज्यांना सोसत नाही, त्यांनी साधे, टिकाऊ, फार रंगीबेरंगी नसलेले नवे स्वयंपाकघर बसविले तर ते शहाणपणाचेच ठरेल. मोडक्या ओट्यावर स्वयंपाक होणेच शक्य नसेल तर तो काम्य खर्च राहतच नाही, नित्य होतो. परंतु ज्यांची अशी निकड नाही त्यांना आमचे सांगणे असे: नित्य कामे निरपवाद करा; नैमित्तिक कामे मन लावून करा; काम्य कामाच्या खर्चाचा आकडा ग्राहकासमोर ठेवा आणि "तुमच्या आवडीचे करून घ्या, एवढी रक्कम किमतीत धरू" असे स्वच्छ बोला. पुष्कळदा चार लाखांच्या कामाऐवजी एक-दीड लाखाच्या सुटीवर व्यवहार जमतो, आणि दोन महिने घरात सुतार वावरत नाहीत.

आणि ज्यांचे घर आज विक्रीस नाही, त्या वाचकांनी हा लेख संपताच आपल्या स्वयंपाकघरात जाऊन एकदा पाहावे. तेथे जो कोणी स्वयंपाक करतो, मग ती आई असो, सून असो, की अलीकडे कित्येक घरी दिसतो तसा मुलगा असो, त्याला ओटा ठेंगणा पडतो का, उजेड पुरतो का, वरच्या फळीवरचा डबा काढताना स्टुलावर चढावे लागते का, हे विचारावे. घर विकताना सुचणाऱ्या बहुतेक सुधारणा राहणाऱ्यांनी केव्हाच मागितलेल्या असतात. त्या मागितल्या तेव्हा केल्या, तर करणारीला सुख होते, वापरात पैसा वसूल होतो, आणि पुढे कधी विक्रीची वेळ आलीच तर दलालाला सांगावयास काही उरत नाही.

पुढील अंकी, घर मोडताना पितळेची व तांब्याची जुनी भांडी कोणी न्यावीत, याचा विचार करू.